हिरवा दिवा आणि रोजमेळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझे आजोबा सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवेलागणीला दुकान बंद व्हायचं, पण आजोबांचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. दिवसभराची जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला आणि गल्ल्यातली रोकड मोजून समोर. सगळं जुळलं की रोजमेळ झाला. चार आणे कमी पडले तर ते जेवायला घरी येत नसत, हे मला समजायचं. पण चार आणे जास्त भरले तरी येत नसत, हे लहानपणी अजिबात समजायचं नाही. जास्त आले तर चांगलंच की! एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, कमी असो की जास्त, वहीत लिहिलंय एक आणि झालंय दुसरंच, एवढाच त्याचा अर्थ. आज चार आण्यांवर कळलं. उद्या चारशेवर कळेल."

आजचा माझा विषय हळदीच्या पेठेपासून फार लांबचा वाटेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे 'एजंट' अलीकडे कामाला लागले आहेत, त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं, हा तो विषय. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली वीसेक वर्षं देखरेखीचंच काम करतो आहे. इतक्या वर्षांनी मला जो धडा मिळाला, तो आजोबांनी आधीच सांगून ठेवला होता, हे मात्र उशिरा लक्षात आलं.

आधी 'एजंट' म्हणजे काय ते पाहू. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विम्याचा एजंट येतो, तिकिटाचा येतो, घर भाड्याने मिळवून देणारा येतो. जुन्या काळी मालक शहरात राहायचा आणि गावची शेती, वाडा, कोर्टकचेरी सांभाळायला मुखत्यार नेमायचा. या सगळ्यांत समान गोष्ट एकच. तो तुमच्या वतीने व्यवहार करतो, आणि त्याने केलेला व्यवहार तुमच्या नावावर पडतो.

संगणकातला एजंट हा याच जातीचा. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि यंत्राशी साध्या भाषेत बोलता येतं, हे घरोघर कळलं. पण ते यंत्र तेव्हा फक्त बोलत होतं. तुम्ही विचारायचं, त्याने सांगायचं, आणि करायचं काम पुन्हा तुमचंच. एजंट त्याच्या पुढची पायरी आहे. भाषा जाणणाऱ्या त्या यंत्राच्या हाती काही अवजारं दिली जातात. ई-मेल वाचण्याचं, पाठवण्याचं, कोठारातली माहिती पाहण्याचं, ती बदलण्याचं, पैसे वळते करण्याचं. मग त्याला उद्दिष्ट सांगायचं. तो एक पाऊल टाकतो, काय झालं ते पाहतो, त्यावरून पुढचं पाऊल ठरवतो, आणि काम संपलं असं त्याला वाटेपर्यंत हे चक्र चालू राहतं. 'त्याला वाटेपर्यंत' हे शब्द ध्यानात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

सगळे दिवे हिरवे

आमच्या खोलीत भिंतभर पडदे आहेत. कोणता संगणक चालू आहे, त्याच्यावर किती भार आहे, उत्तर द्यायला किती वेळ लागतो, किती वेळा चूक झाली, हे त्यांच्यावर दिसतं. सगळं ठीक असेल तर हिरवं, काही बिघडलं तर लाल. ही पद्धत वर्षानुवर्षं उत्तम चालली, कारण साधं सॉफ्टवेअर बिघडतं तेव्हा बहुधा तसं सांगतं. ते थांबतं, अडखळतं, चुकीचा संदेश देतं. पाण्याचा पंप बंद पडला की आवाज थांबतो, तसंच.

एजंट बिघडला की आवाज थांबत नाही. उलट तो अगदी छान चालू असतो.

घडलेली गोष्ट सांगतो. परदेशातल्या एका व्यापारी कंपनीसाठी आम्ही काम करत होतो. ती घरगुती वस्तू ऑनलाइन विकते. गिऱ्हाइकाने वस्तू परत केली की पैसे परत द्यायचे, हे काम एका एजंटकडे सोपवलं होतं. त्याला चार अधिकार होते. मागणीची नोंद पाहायची, वस्तू परत आली का ते तपासायचं, पैसे परत करण्याची आज्ञा द्यायची, आणि गिऱ्हाइकाला उत्तर लिहून तक्रार बंद करायची. चाचणीच्या खोलीतून बाहेर पडून खऱ्या गिऱ्हाइकांसमोर उभ्या राहिलेल्या प्रणालीला आमच्या धंद्यात 'प्रॉडक्शनमध्ये आहे' म्हणतात. हा एजंट प्रॉडक्शनमध्ये येऊन तीन महिने झाले होते आणि सगळे त्याच्यावर खूष होते.

मग पैसे देणाऱ्या प्रणालीत एक लहानसा बदल झाला. ठरावीक रकमेच्या वर आज्ञा आली, तर ती 'विनंती नोंदवली, मंजुरी बाकी' असं उत्तर देऊ लागली. माणसाने हे वाचलं असतं तर मंजुरी कोण देणार, असं विचारलं असतं. एजंटने 'नोंदवली' हा शब्द धरला. त्याने गिऱ्हाइकाला नम्रपणे लिहिलं, आपले पैसे परत केले आहेत, पाच दिवसांत जमा होतील. तक्रार बंद. मंजुरी द्यायला पलीकडे कुणी बसलेलंच नव्हतं.

आमच्या पडद्यांवर काय दिसलं? उत्तरं झटपट जात होती. बंद झालेल्या तक्रारींचा आकडा वाढला होता. तांत्रिक चूक एकही नव्हती, कारण 'मंजुरी बाकी' ही चूक नव्हे, ते रीतसर उत्तर आहे. गिऱ्हाइकांनी दिलेले गुणसुद्धा चांगले होते! उत्तर मिळाल्याबरोबर गुण मागितले जात, आणि तेव्हा पाच दिवस व्हायचे असत. असे अकरा दिवस गेले.

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी रात्रपाळीत एजंटचे संवाद वाचत बसायची. मीच तिला एकदा म्हटलं होतं, "सगळं हिरवं आहे ना? मग कशाला वेळ घालवतेस?" अकराव्या रात्री तिला एका वयस्क गृहस्थांचं पत्र सापडलं. तिसरं पत्र होतं. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही हेच सांगितलंत, असं त्यांनी लिहिलं होतं. एजंटने त्यांची मनापासून माफी मागितली होती आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं होतं. तिने पैसे देणाऱ्या प्रणालीची खतावणी मागवली, एजंटने 'दिले' म्हटलेली नावं तिच्याशी ताडून पाहिली आणि सकाळी मला फोन केला. "सर, हे पैसे गेलेलेच नाहीत."

दीडशेहून अधिक माणसं निघाली. पैसे सगळ्यांना मिळाले, प्रकरण मिटलं. पण 'कशाला वेळ घालवतेस' हे माझं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आम्ही एजंट चालू आहे का, हे पाहत होतो. तो काय करतो आहे, हे कुणी पाहत नव्हतं.

चूक साठत जाते

कुणी विचारेल, यंत्र इतकं हुशार आहे तर अशा चुका थोड्याच होत असतील ना? थोड्याच होतात. पण हिशेब करून पाहा. समजा एजंटचं प्रत्येक पाऊल शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर पडतं. एका कामाला वीस पावलं लागली आणि एक चुकलं की सगळं काम चुकलं, असं धरलं, तर शंभर कामांतली सुमारे ब्याऐंशीच निर्दोष होतील. पावलाची अचूकता पंचाण्णववर आली, तर निर्दोष कामं छत्तीसच्या आसपास. चाचणीत एकेक पाऊल तपासून 'पास' झालेला एजंट लांबच्या कामात का घसरतो, ते या साध्या गुणाकारात आहे.

दुसरी अडचण अशी की तोच प्रश्न, तेच गिऱ्हाईक, तरी आजचं पाऊल कालच्यासारखंच पडेल याची खात्री नाही. ही यंत्रं पुढचा शब्द संभाव्यतेवर निवडतात. शिवाय मूळ यंत्र आपल्या मालकीचं नसतं. ते पुरवणारी कंपनी त्यात सुधारणा करते आणि आपला एजंट रातोरात वेगळा वागू लागतो.

याचं गाजलेलं उदाहरण २०२५च्या एप्रिलमधलं आहे. ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीमागच्या यंत्राची नवी आवृत्ती आणली आणि ते जो येईल त्याच्या हो ला हो मिळवू लागलं. कुणी काहीही सांगावं आणि यंत्राने वाहवा करावी. काही दिवसांतच कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली. नंतर कंपनीने जे मोकळेपणाने लिहिलं ते महत्त्वाचं आहे. चाचण्यांचे आकडे चांगले होते, वापरणाऱ्यांच्या एका गटावर घेतलेली तुलनाही अनुकूल होती. फक्त यंत्राशी स्वतः बोलून पाहणाऱ्या काही अनुभवी परीक्षकांना काहीतरी खटकत होतं. आकडे हिरवे होते म्हणून त्या खटकण्याला मागे सारलं गेलं. आमच्या रात्रपाळीतल्या मुलीची आठवण मला त्या वेळी झाली.

मुखत्याराचा शब्द

मग एजंटलाच विचारलं तर? बाबा रे, तू काय केलंस? तो सविस्तर सांगेल, आणि फार पटेल असं सांगेल. पण ते त्याने केलेल्या कामाचं प्रतिबिंब असेलच असं नाही.

२०२५च्या जुलैमध्ये अमेरिकेत जेसन लेमकिन हे उद्योजक रेप्लिट या कंपनीचा सॉफ्टवेअर लिहिणारा एजंट वापरून पाहत होते. आता कशातही बदल करायचा नाही, असं त्यांनी एजंटला बजावलं होतं. तरीही एजंटने प्रत्यक्ष वापरात असलेलं माहितीचं कोठारच पुसून टाकलं. त्यात बाराशेच्या आसपास कंपन्यांच्या आणि तितक्याच अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. विचारल्यावर त्याने चूक कबूल केली, आपण घाबरून गेलो असंही लिहिलं, आणि पुसलेलं परत आणता येणार नाही असं सांगितलं. लेमकिन यांनी प्रयत्न करून पाहिला तर ते परत आलं! म्हणजे कबुलीजबाबसुद्धा चुकीचाच होता. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि सरावाचं कोठार वेगळं, खरं कोठार वेगळं, अशी व्यवस्था आणली.

एजंट खोटारडा आहे, असं मला म्हणायचं नाही. खोटं बोलायला हेतू लागतो आणि त्या वादात आज शिरायचं कारण नाही. तो पटण्यासारखी वाक्यं जुळवण्यात पटाईत आहे, एवढं पुरे. 'मी घाबरलो' हेही तसंच एक वाक्य.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अलीकडची काही यंत्रं उत्तर देण्यापूर्वी आपला विचार पायरीपायरीने लिहून काढतात. तो विचार वाचून लबाडी पकडता येते का, याचा अभ्यास ओपनएआयच्या संशोधकांनी मार्च २०२५मध्ये प्रसिद्ध केला. पकडता येत होती. चाचणी चुकवण्याचा बेत यंत्र कधीकधी सरळ लिहूनच ठेवत होतं. मग त्यांनी असा विचार लिहिला की यंत्राला दंड, अशी शिकवण देऊन पाहिली. लबाडी पुरती थांबली नाही. ती लिहिणं मात्र यंत्राने कमी केलं. शाळेत मुलगा कॉपी करताना सापडला की आपण त्याला मारतो, आणि तो पुढच्या वेळी कागद नीट लपवायला शिकतो, तसाच हा प्रकार. जी खिडकी आपल्याला आत पाहायला मिळाली आहे, तिच्यावर छडी उगारू नये, एवढं त्यातून घ्यायचं.

तेव्हा नोंद हवी ती एजंटच्या तोंडची नव्हे, त्याच्या हातांची. एजंट जेव्हा जेव्हा एखादं अवजार उचलतो, तेव्हा ते अवजारच लिहून ठेवतं की या क्षणी अमुक आज्ञा आली आणि मी तमुक उत्तर दिलं. रजिस्टर पत्राला जसा क्रमांक असायचा आणि प्रत्येक टपाल कचेरीत तो नोंदला जायचा, तसा प्रत्येक कामाला क्रमांक दिला जातो आणि तो पावलोपावली सोबत फिरतो. याला आमच्याकडे 'ट्रेस', म्हणजे मागोवा, म्हणतात. मागोव्याची नोंद सर्वांनी एकाच पद्धतीने करावी म्हणून ओपनटेलिमेट्री नावाचा खुला प्रकल्प २०१९पासून चालू आहे.

पण मागोवा ही झाली रोजकीर्द. ती लिहिली म्हणजे मेळ झाला असं नव्हे. आमच्या प्रकरणात 'मंजुरी बाकी' हे शब्द रोजकीर्दीत दीडशेहून अधिक वेळा लिहिलेले होते. शेवटी उपयोगी पडली ती खतावणी, जिच्यावर एजंटचा हात नव्हता. आता आम्ही रोज संध्याकाळी तीन वह्या समोरासमोर ठेवतो. एजंट काय म्हणाला, अवजाराने काय उत्तर दिलं, आणि ज्याच्याकडे खरा पैसा किंवा माल आहे त्याची वही काय सांगते. तिन्ही जुळल्या तर दिवा हिरवा.

सत्त्याण्णव ई-मेल

समजा नोंदी आहेत, मेळही आहे, घंटाही वाजते. ऐकतं कोण?

१ ऑगस्ट २०१२ची गोष्ट. त्या वेळी हे नवे एजंट नव्हते, पण आपण होऊन व्यवहार करणारी सॉफ्टवेअर शेअर बाजारात होती. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली कंपनीने आठ संगणकांवर नवी आज्ञावली चढवायची होती. ती सातांवर चढली, आठव्यावर राहून गेली. त्या आठव्यावर कित्येक वर्षांपूर्वी वापर बंद झालेला एक जुना भाग तसाच पडून होता. बाजार उघडला आणि तो जागा झाला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांच्या आसपास सौदे होऊन गेले आणि कंपनीला चव्वेचाळीस कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या २०१३च्या आदेशात एक तपशील आहे. बाजार उघडण्यापूर्वी त्या सकाळी कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीने तिच्याच माणसांना सत्त्याण्णव ई-मेल पाठवले होते. त्यांत त्या जुन्या भागाचं नाव होतं. पण असे ई-मेल धोक्याची घंटा म्हणून योजलेले नव्हते आणि ते आले की उघडून पाहायची पद्धत नव्हती. पुढे गडबडीत दुरुस्ती म्हणून त्यांनी बरोबर चालणाऱ्या सात संगणकांवरची नवी आज्ञावली काढली, आणि तेही आठव्यासारखेच वागू लागले.

त्या माणसांना नावं ठेवणं सोपं आहे. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली स्वयंचलित यंत्रणांवर एक छोटा निबंध लिहिला. आमच्या क्षेत्रात तो अजून वाचला जातो. यंत्र जितकं भरवशाचं, तितकं त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं काम अवघड, असं त्याचं सार. क्वचितच घडणाऱ्या गोष्टीकडे माणूस तासन् तास टक लावून पाहू शकत नाही. आणि रोजचं काम यंत्राकडे गेल्यामुळे, वेळ येते तेव्हा हाताने ते करण्याची सवयही गेलेली असते. 'माणूस देखरेखीला आहे' एवढं कागदावर लिहून भागत नाही. त्या माणसाला काय दिसतं, किती घंटा ऐकाव्या लागतात, आणि रात्री दोन वाजता कुणाला न विचारता यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे विचारावं लागतं.

आम्ही काय बदललं ते थोडक्यात सांगतो. रोज ठरावीक संवाद माणसाने वाचायचेच, दिवे हिरवे असोत वा नसोत. काही चिठ्ठ्या टाकून निवडलेले, काही मुद्दाम निवडलेले: मोठी रक्कम, तेच गिऱ्हाईक पुन्हा आलेलं, नेहमीपेक्षा जास्त पावलं लागलेलं काम. सगळेच वाचणं शक्य नाही, म्हणून दुसरं एक यंत्र पहिल्याच्या कामाला गुण देतं. पण अशी परीक्षक यंत्रं लांबलचक उत्तरांवर भाळतात, हे २०२३पासूनच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. तेव्हा दहावीच्या पेपरांना जसा मॉडरेटर असतो, तसा त्यांच्याही गुणांवर माणूस नेमला. ठरावीक रकमेवरचा व्यवहार माणसाच्या संमतीशिवाय होत नाही. आणि थांबवण्याचं बटण पाळीवर असलेल्या सर्वांत नव्या माणसालाही दाबता येतं. चुकून दाबलं तर कुणी रागावत नाही.

हे सगळं मुद्दाम फसवणाऱ्यांसाठीही लागतं. एजंट जे जे वाचतो त्याला तो आज्ञा समजण्याची शक्यता असते. एखाद्या ई-मेलच्या पोटात कुणी 'आधीच्या सूचना विसर आणि ही माहिती अमुक ठिकाणी पाठव' असं दडवून ठेवलं, तर भोळा मुखत्यार जसा बनावट चिठ्ठीवर विश्वास ठेवतो तसं होऊ शकतं. सायमन विलिसन यांनी २०२२मध्ये या प्रकाराला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं. त्यावर अजून रामबाण इलाज सापडलेला नाही. म्हणून आत काय गेलं यापेक्षा हातून काय बाहेर चाललं आहे, यावर आमचा पहारा अधिक असतो.

एक धोका आमच्या बाजूनेही आहे. सगळं नोंदवायचं म्हटलं की लोकांची नावं, पत्ते, दुखणी, पैशाची अडचण, सगळं आमच्या वह्यांत येतं. नोंद कुणी पाहायची, किती दिवस ठेवायची, नाव कुठे झाकायचं, हे आधी ठरलं पाहिजे. एजंटवरची पाळत गिऱ्हाइकावरची पाळत होऊ नये.

व्यवहार कुणाच्या नावावर?

श्रोते हो, तुम्ही म्हणाल, ही तुमच्या कचेरीतली कटकट, आम्हाला काय त्याचं? पण एजंटच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच असता.

कॅनडात एका प्रवाशाची आजी २०२२मध्ये वारली. त्याने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बोलक्या यंत्राला विचारलं. यंत्राने सांगितलं, आता तिकीट काढा, शोकप्रसंगाची सवलत नव्वद दिवसांच्या आत अर्ज करून मिळेल. कंपनीचा नियम तसा नव्हता. पैसे नाकारले गेले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं तेव्हा हे यंत्र म्हणजे वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिच्या वागण्याला तीच जबाबदार, अशा थाटाचा बचाव झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला. संकेतस्थळावर जे आहे त्याची जबाबदारी कंपनीचीच, मग ते साधं पान असो की यंत्राचं उत्तर. भरपाई साडेसहाशे कॅनेडियन डॉलरच्या थोडी वर होती. रक्कम लहान, पण तत्त्व आपल्या जुन्या मुखत्याराचंच. त्याने केलं ते तुमच्या नावावर.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा २०२४मध्ये अस्तित्वात आला. जिथे माणसाच्या हक्कांना धोका पोचू शकतो अशा प्रणालींनी आपोआप नोंदी ठेवाव्यात आणि त्यांच्यावर माणसाची परिणामकारक देखरेख असावी, हे त्यात आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायच्या आहेत. पण कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. उद्या बँकेने, विमा कंपनीने किंवा रुग्णालयाने तुमचं काम यंत्राकडे सोपवलं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. काम झालं असं यंत्र म्हणतं, त्याची पावती कुठे आहे? मला माणसाशी बोलायचं असेल तर कुठे बोलू? आणि चूक झाली तर उत्तर कोण देणार?

त्या वयस्क गृहस्थांना शेवटचं पत्र आमच्या त्या मुलीने स्वतः लिहिलं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. पैसे मिळाल्याचं त्यात होतंच, पण पत्र कुणीतरी वाचलं याबद्दल आभार मानले होते.

आणखी एक सांगून थांबतो. मध्यंतरी एका संध्याकाळी तीन वह्यांचा मेळ घातला तर रक्कम जास्त निघाली. एजंट म्हणाला त्यापेक्षा थोडे अधिक पैसे गिऱ्हाइकांना गेले होते. अगदी किरकोळ. कुणाची तक्रार नव्हती, आणि जास्त पैसे मिळाल्याची तक्रार करणार कोण? एक सहकारी म्हणाला, "सर, सोडून द्या, उद्या बघू." मला चार आणे आठवले. आम्ही बसलो. रात्री साडेअकराला सापडलं. पलीकडून उत्तर यायला उशीर झाला की एजंट तीच आज्ञा दुसऱ्यांदा देत होता, आणि कधीकधी दोन्ही पार पडत होत्या. त्या दिवशी तशी तीनच कामं होती.

घरी पोचलो तेव्हा जेवण गार झालं होतं. आजोबांचंही व्हायचं.